तीन ओळींचं मल्टिकास्ट आणि दोन आठवड्यांच्या नोंदी

काम काय ते आधी सांगतो. आठ व्हिडिओ चॅनल, प्रत्येकी साधारण ६ एमबीपीएस, दोन इमारतींत मिळून चाळीस सेटटॉप बॉक्स. आतापर्यंत प्रत्येक बॉक्स सर्व्हरकडून स्वतःचा वेगळा स्ट्रीम ओढायचा, म्हणजे चाळीसही चालू झाले की २४० एमबीपीएस, आणि सर्व्हर मान टाकायचा. मल्टिकास्ट केलं की एन्कोडर (व्हिडिओचा स्ट्रीम बनवणारा डबा) एकदाच पाठवणार आणि ज्याला पाहिजे त्याला स्विच कॉपी काढून देणार.

सामान असं आहे. पहिल्या इमारतीत दोन लेअर ३ (राऊटिंग करणारे) कोअर स्विच, त्यांच्यात व्हीआरआरपी (दोघांनी मिळून एकच व्हर्च्युअल गेटवे पत्ता चालवायचा, एक गेला तर दुसरा), सगळ्या व्हीलॅनमध्ये (एकाच सामानावर केलेली वेगवेगळी नेटवर्क) व्हर्च्युअल पत्ता .१ (म्हणजे आयपीचा शेवटचा आकडा), कोअर-१ ला .२ आणि कोअर-२ ला .३. दुसऱ्या इमारतीत एक लेअर ३ स्विच, त्याला पुढे डिस्ट्री म्हणतो. बाकी सगळे लेअर २ वाले, म्हणजे राऊटिंग न करणारे, ऍक्सेस स्विच. एन्कोडर व्हीलॅन १० मध्ये, पहिल्या इमारतीतले बॉक्स ३० मध्ये, दुसऱ्या इमारतीतले ५० मध्ये, आणि कोअर ते डिस्ट्री ९९.

सरांना सांगितलं होतं दोन दिवसांत होईल, कारण राऊटिंगच्या खऱ्या ओळी तीनच आहेत. ते खरं पण आहे, तीनच आहेत.

३ मार्च, सोमवार

राऊटिंगला आज हात लावला नाही. आधी एकाच व्हीलॅनमध्ये चित्र दिसतंय का ते बघू म्हणून एक एन्कोडर आणि माझा लॅपटॉप दोन्ही व्हीलॅन १० मध्ये टाकले. एन्कोडरवर आधीपासून जो ग्रुप पत्ता (चॅनलचा मल्टिकास्ट पत्ता, बघणारा हाच मागतो) होता, २३९.२५५.१.१, तोच ठेवला. ऍक्सेस स्विचवर आयजीएमपी (ग्रुप मागायचा प्रोटोकॉल) स्नूपिंग, म्हणजे कुठल्या पोर्टने काय मागितलं ते ऐकून तिथेच पाठवणं, चालूच होतं. व्हीएलसी उघडलं, चित्र आलं, पाच मिनिटं इकडेतिकडे बघून परत आलो तर चित्र थिजलेलं.

बंद करून परत लावलं, चालू. मग परत बंद. इथून पुढे मी जवळपास चार तास चुकीच्या जागी घालवले: एन्कोडर गरम होतोय का, केबल बदलली, पोर्ट बदलला, एन्कोडरचं फर्मवेअर चढवलं (त्यात त्याची सेटिंग उडाली, ती परत भरली). दुपारी वैतागून मोबाईलवर स्टॉपवॉच लावला. ४ मिनिटं २० सेकंद. दुसऱ्यांदा ४ मिनिटं २० सेकंद. तिसऱ्यांदा पण तेवढंच. गरम होऊन बंद पडणारी वस्तू इतकी वक्तशीर नसते.

२६० सेकंद म्हणजे आयजीएमपीचा हिशोब आहे, १२५ सेकंदांची क्वेरी दोनदा अधिक उत्तराला १० सेकंद. लॅपटॉपने सुरुवातीला रिपोर्ट पाठवला की मला हा ग्रुप पाहिजे, स्विचने तो पोर्ट लिहून घेतला. मग कोणीतरी दर थोड्या वेळाने विचारायला पाहिजे की अजून पाहिजे का, तो विचारणारा म्हणजे क्वेरियर, आणि तो या व्हीलॅनमध्ये कोणीच नव्हता. कोणी विचारलं नाही म्हणून लॅपटॉप बोलला नाही, लॅपटॉप बोलला नाही म्हणून स्विचने २६० सेकंदांनी त्याचं नाव खोडलं. दोघांचंही बरोबर.

ऍक्सेस स्विचवरच तात्पुरता क्वेरियर चालू केला, पत्ता १०.१०.१०.२५०. अर्धा तास चित्र हललं नाही. उद्या कोअरवर पिम (राऊटरांमधला मल्टिकास्टचा प्रोटोकॉल) लागलं की क्वेरियर तिकडे जाईल, कारण क्वेरियरच्या निवडणुकीत सगळ्यात लहान आयपीवाला जिंकतो.

नेटवर बरेच जण यावर उपाय सांगतात की स्नूपिंगच बंद करा. चालतं मग, पण सगळा व्हिडिओ सगळ्या पोर्टवर जातो, म्हणजे मल्टिकास्ट करून ब्रॉडकास्ट मिळवलं.

४ मार्च, मंगळवार

आज ते तीन ओळींचं काम. कोअर-१ वर आयपी मल्टिकास्ट-राऊटिंग चालू, व्हीलॅन १० आणि ३० च्या इंटरफेसवर आयपी पिम स्पार्स-मोड, आणि आयपी पिम आरपी-ऍड्रेस १०.२५५.२५५.१ (आरपी म्हणजे घेणारा आणि देणारा यांची गाठ घालून देणारा राऊटर). तो पत्ता कोअर-१ च्याच लूपबॅकवर (केबल नसलेला, कायम चालू असणारा इंटरफेस) दिला. आज चार एन्कोडर लावले, उरलेले चार पुढच्या आठवड्यात येणार. नवीन ग्रुप पत्ते दिले २३९.०.०.१ ते २३९.०.०.४, चॅनल एकला एक, दोनला दोन, लक्षात ठेवायला सोपं. हे सोपंपण उद्या महागात पडलं, पण ते उद्या.

व्हीलॅन ३० मध्ये बॉक्स लावला, काळा. शो आयपी आयजीएमपी ग्रुप्स मध्ये बॉक्सची मागणी आलेली दिसतेय. शो आयपी एमराऊट मध्ये स्टार-कॉमा-जी (कोणाकडूनही, हा ग्रुप) ची ओळ आहे पण एस-कॉमा-जी (या एन्कोडरकडून, हा ग्रुप) ची नाही, म्हणजे घेणारा आहे आणि देणारा कोअरच्या लेखी अस्तित्वातच नाही.

पहिली चूक: लूपबॅकवर पिम लावलं नव्हतं. आमचा कोअर त्याशिवाय स्वतःला आरपी मानायलाच तयार नव्हता. लावलं, तरीही एस-कॉमा-जी नाहीच.

दुसरी गोष्ट सापडायला तीन तास. एन्कोडरचा पोर्ट मिरर करून टीसीपीडंपमध्ये (पॅकेट बघायचं साधन) बघत होतो, पॅकेट धडाधड येतायत, प्रत्येकी १३१६ बाइट (१८८ चे सात तुकडे, एमपेग ट्रान्सपोर्ट स्ट्रीमची ठरलेली लांबी), सगळं छान. नुसतं बघून समाधान मानत होतो. मग डॅश-व्ही लावून सविस्तर बघितलं तर प्रत्येक पॅकेटवर टीटीएल १. म्हणजे हे पॅकेट व्हीलॅनच्या दाराबाहेर पाऊलच टाकू शकत नाही, राऊटर एक वजा करणार, शून्य होणार आणि केराच्या टोपलीत. मल्टिकास्ट पाठवणाऱ्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये टीटीएल मुद्दाम सांगितलं नाही तर १ च असतं, त्यामुळे सोमवारची एकाच व्हीलॅनमधली टेस्ट पास झाली आणि आज नाही. एन्कोडरमध्ये ती सेटिंग ऍडव्हान्स्ड मध्ये, त्याच्या आत अजून एका टॅबमध्ये लपलेली. १६ केलं आणि दोन सेकंदांत चित्र.

आयपर्फने (नेटवर्कचा वेग मोजायचं साधन) टेस्ट करणार असाल तर आवृत्ती २ वापरा, ३ मध्ये मल्टिकास्ट नाहीच, आणि २ ला पण डॅश मोठा टी देऊन टीटीएल सांगावं लागतं.

५ मार्च, बुधवार

सकाळी साडेनऊला फोन, हजेरीची मशीन चालत नाहीत, दारात रांग लागलीय. मागोमाग प्रिंटरची तक्रार. मी काल फक्त टीव्हीचं काम केलेलं त्यामुळे पहिल्यांदा मी पण साळसूदपणे म्हणालो की नेटवर्कमध्ये काही बदललं नाही. बदललं होतं.

व्हीलॅन ३० ही बॉक्सांसाठी वेगळी नाहीये हे मी वर लिहायला विसरलो, जुनी सगळ्यांची व्हीलॅन आहे, त्यात प्रिंटर, पीसी, हजेरीची मशीन सगळे. हजेरीच्या मशीनचा पोर्ट १० एमबीपीएसचा. आणि त्या पोर्टवर बाहेर जाणारा ट्रॅफिक बघितला तर पोर्ट फुल्ल भरलेला, चारही चॅनल मिळून २४ एमबीपीएस त्यात कोंबायचा प्रयत्न चालू. मशीनने बिचाऱ्याने टीव्ही मागितलाच नव्हता.

आधी चारही एन्कोडर बंद केले, रांग सरकली, मग डोकं लावलं. स्नूपिंग चालू आहे, क्वेरियर आहे, ग्रुपच्या टेबलात बॉक्सचेच पोर्ट आहेत. मग सगळ्यांना का जातंय? सोमवारी तर हाच स्विच इतका काटेकोर होता की त्याने माझ्या लॅपटॉपचं नाव खोडलं होतं. सोमवार ते आज काय बदललं याची यादी लिहिली आणि तिसऱ्या ओळीला पकडलं: ग्रुप पत्ता.

मल्टिकास्ट आयपीवरून मॅक पत्ता (लेअर २ चे स्विच आणि नेटवर्क कार्ड बघतात तो) बनताना आयपीचे शेवटचे २३ बिटच वापरले जातात, पुढे ०१:००:५ई चिकटतं. वरचे बिट गळतात त्यामुळे ३२ वेगवेगळे ग्रुप एकाच मॅकवर येऊन बसतात. २३९.०.०.१ चा मॅक होतो ०१:००:५ई:००:००:०१, आणि हाच मॅक २२४.०.०.१ चा, म्हणजे 'सगळे होस्ट'. २३९.०.०.२ चा तोच जो २२४.०.०.२ 'सगळे राऊटर' चा. २२४.०.०.० ते २२४.०.०.२५५ हा पट्टा कंट्रोलसाठी राखीव आहे, तो स्विच कायम सगळीकडे पाठवतो, तिथे स्नूपिंग लागूच होत नाही, आणि आमचे ऍक्सेस स्विच मॅक बघून निर्णय घेतात, त्यांना २२४ आणि २३९ मधला फरक दिसतच नाही. वर चॅनल एकच्या मॅकवर तर प्रत्येक पीसीचं नेटवर्क कार्ड कान लावूनच बसलेलं असतं, त्यामुळे नको असलेला व्हिडिओ कार्डावर टाकून न देता आत प्रोसेसरपर्यंत जात होता. कोअरचा सीपीयू रात्रभर का चढलेला दिसत होता ते पण कळलं.

तर २३९.०.०.काहीही आणि २३९.१२८.०.काहीही हे दोन पट्टे टाळा. आम्ही २३९.१०.१०.१ पासून पुढे घेतले, त्यांचा मॅक ०१:००:५ई:०ए:०ए:०१ वगैरे, कोणाच्या अध्यात ना मध्यात. बदलायला एन्कोडरवर दहा मिनिटं, आणि बॉक्सांची चॅनल यादी बदलायला दुपार, कारण तेव्हापर्यंत पहिल्या इमारतीतल्या बावीस बॉक्समध्ये मी जुनी यादी भरून बसलो होतो. दोन बॉक्स राहून गेले ते शुक्रवारी सापडले.

६ मार्च, गुरुवार

सकाळी कोअर-२ वर पिम चढवलं, म्हणजे एक कोअर गेला तर दुसरा असावा. दोन मिनिटांत पहिल्या इमारतीतले टीव्ही काळे. कारण एका वाक्यात: पिमचा डीआर (व्हीलॅनच्या वतीने आरपीशी बोलणारा राऊटर) निवडताना मोठा आयपी जिंकतो, त्यामुळे .३ वाला कोअर-२ लगेच डीआर झाला, आणि त्याच्यावर मी आरपीची ओळ लिहायलाच विसरलो होतो. क्वेरियर लहान आयपीचा आणि डीआर मोठ्या आयपीचा, हे उलटसुलट आहे हे कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवलंय. चाळीस मिनिटं गेली.

मग दुसरी इमारत, आणि आजचा खरा दिवस इथे गेला. डिस्ट्रीवर तीच तीन ओळींची पूजा, व्हीलॅन ५० आणि ९९ वर पिम, आरपीचा पत्ता. बॉक्स लावला, काळा. टीटीएल १६ आहे, ग्रुप नवीन आहेत, डिस्ट्रीवरून एन्कोडरला पिंग जातोय, आरपीला पण जातोय. शो आयपी पिम नेबर मध्ये १०.१०.९९.२ आणि .३ दोघेही दिसतायत. बॉक्सची मागणी डिस्ट्रीपर्यंत आलीय. कोअरवर मात्र व्हीलॅन ९९ कडे जाणारं काहीच नाही, म्हणजे डिस्ट्रीने मागितलेलं कोअरने ऐकलेलंच नाही.

एसीएल (ट्रॅफिक अडवायचे नियम) असेल म्हणून व्हीलॅन ९९ वरचे सगळे एसीएल वाचले. पिम हा टीसीपी-यूडीपी नाही, त्याचा स्वतःचा प्रोटोकॉल नंबर १०३ आहे, तो बऱ्याच ठिकाणी विसरला जातो, पण नेबर दिसतायत म्हणजे तो प्रश्नच नव्हता. हे कळायला पाहिजे होतं मला आधी. डिस्ट्री रीबूट केला. (कशाला? मलाही सांगता येणार नाही. हाताला काम.) कोअर-२ वरून पिम काढून बघितलं, परत लावलं. जेवायची सुट्टी संपली तरी तिथेच.

शेवटी व्हीलॅन ९९ वर कॅप्चर लावून डिस्ट्री नेमकं काय बोलतोय ते ऐकलं. दर ६० सेकंदांनी २२४.०.०.१३ वर त्याचा जॉइन (हा ग्रुप मला पाठव, अशी मागणी) जात होता. पॅकेट उघडलं की आत एक खाना असतो, अपस्ट्रीम नेबर, म्हणजे हा जॉइन कोणासाठी आहे. त्यात लिहिलेलं १०.१०.९९.१.

.१ म्हणजे व्हीआरआरपीचा व्हर्च्युअल पत्ता! डिस्ट्रीवर डिफॉल्ट राऊट स्टॅटिक (हाताने लिहिलेला) आहे, नेक्स्ट हॉप (पुढचा राऊटर) .१, कोणी तरी फार पूर्वी बरोबरच लिहिलाय, युनिकास्टला (एकाकडून एकाला जाणारा नेहमीचा ट्रॅफिक) तेच पाहिजे. पण पिम उलट दिशेने विचार करतो, आरपीकडे जायचा रस्ता युनिकास्टच्या टेबलात बघतो आणि त्या नेक्स्ट हॉपच्या नावावर जॉइन पाठवतो. कोअर-१ ने पॅकेट बघितलं, नाव .१, मी .२, सोडून दिलं. कोअर-२ ने पण तसंच. पाकिटावरचं नाव कुठल्याच घरचं नाही, दोघेही दारात उभे राहून बघतायत आणि पोस्टमन दर मिनिटाला येऊन जातोय.

शो आयपी आरपीएफ १०.२५५.२५५.१ (आरपीएफ म्हणजे हाच उलट दिशेचा शोध) ही कमांड दुपारी एक वाजता मारली असती तर लगेच आरपीएफ नेबर .१ दिसला असता आणि शेजारी पिम नेबरची यादी ठेवली की त्यात .१ नाही हे शेंबड्या पोराला कळलं असतं. आता माझी पद्धत हीच, काळा टीव्ही दिसला की घेणाऱ्याकडून सुरुवात, प्रत्येक हॉपवर शो आयपी आरपीएफ, आणि तिथे जो नेबर दिसेल तो पिमच्या यादीत आहे का ते बघायचं, मग पुढच्या हॉपवर.

तात्पुरतं आयपी एमराऊट ०.०.०.० ०.०.०.० १०.१०.९९.२ असा मल्टिकास्टपुरता स्टॅटिक रस्ता डिस्ट्रीवर लिहिला. याने युनिकास्ट बदलत नाही, फक्त आरपीएफसाठी वापरला जातो. चित्र लगेच. गेलेला वेळ साडेसहा तास.

७ मार्च, शुक्रवार

तो स्टॅटिक रस्ता कोअर-१ ला बांधलेला, कोअर-१ गेला की संपलं. म्हणून रात्री ११ ते १ च्या खिडकीत कोअर आणि डिस्ट्रीमध्ये ओएसपीएफ (राऊटर एकमेकांना रस्ते आपोआप सांगतात तो प्रोटोकॉल) लावला. शेजार जमला, एमराऊटची ओळ काढली, आणि येरे माझ्या मागल्या, दुसरी इमारत काळी. यावेळी मात्र पद्धतीने गेलो: एन्कोडरच्या पत्त्याचा आरपीएफ बरोबर .३ दाखवतोय, आरपीचा मात्र परत .१. लूपबॅक ओएसपीएफमध्ये टाकायचाच राहिला होता त्यामुळे आरपीचा शोध जुन्या डिफॉल्टवर पडत होता. लूपबॅक टाकला, संपलं. एकवीस मिनिटं. गुरुवारच्या मानाने ही प्रगतीच म्हणायची.

१० मार्च, सोमवार

शनिवार-रविवार काही तक्रार नाही कारण कोणी नव्हतंच. आज एका खोलीतून तक्रार, की शेजारच्या टेबलावरच्याने चॅनल बदलला की आमचा बंद होतो. ऐकायला भुताटकी वाटते. टेबलाखाली वाकून बघितलं तर एक पाच पोर्टचा साधा स्विच, त्यावर दोन बॉक्स. आमच्या ऍक्सेस स्विचवर मी फास्ट लीव्ह चालू केलेलं, चॅनल पटापट बदलावा म्हणून. त्यात स्विच लीव्ह आला की परत विचारत नाही, पोर्ट लगेच कापतो. एकाने चॅनल सोडला की तोच चॅनल बघणारा दुसरा पण गेला. फास्ट लीव्ह ज्या पोर्टवर एकच घेणारा आहे तिथेच. सगळीकडून काढलं, आता सोडलेला चॅनल दोन सेकंद जास्त येत राहतो, म्हणजे क्षणभर १२ एमबीपीएस, त्याने काही बिघडत नाही.

११ मार्च, मंगळवार

उरलेले चार एन्कोडर आले. पाचवा चालू केला आणि पाचही चॅनल चौकोन चौकोन व्हायला लागले. पाचवा बंद, चार एकदम स्वच्छ. वेगळा कुठलाही एक बंद केला तरी उरलेले चार स्वच्छ. म्हणजे एन्कोडर कुठलाच खराब नाही, आकडा खराब आहे. चारला २४, पाचला ३० आणि वर हेडरचे थोडे, तर ३० च्या आसपास कोण अडवतंय ते शोधायचं. एन्कोडरच्या रॅकमधला स्विच ज्या कोअरच्या पोर्टला जोडलाय त्यावर स्टॉर्म कंट्रोल, मल्टिकास्ट ३ टक्के. गिगाबिटचे ३ टक्के म्हणजे ३० एमबीपीएस. लूप झाला तर वाचावं म्हणून तो टेम्प्लेटमध्येच आहे, आणि टेम्प्लेट मीच दोन वर्षांपूर्वी लिहिलंय. त्याला व्हिडिओ आणि वादळ यात फरक कळत नाही, मर्यादा ओलांडली की जे येईल ते फेकतो. त्या पोर्टपुरतं १५ टक्के केलं. ब्रॉडकास्टचं तसंच ठेवलं.

हे सापडायला पाऊण तासच लागला, कारण यावेळी आधी आकडेमोड केली आणि मग केबलला हात लावला.

१२ मार्च, बुधवार

टॅब्लेटवर वायफायने दिसेल का अशी मागणी आली. नाही म्हणालो. वायफायवर मल्टिकास्ट सगळ्यात खालच्या ठरलेल्या वेगाने जातं आणि हरवलेलं पॅकेट परत पाठवलं जात नाही, तिथे ६ एमबीपीएसचा व्हिडिओ सोडला तर बाकीच्यांचं वायफाय पण बसेल. ऍक्सेस पॉइंटने त्याचं युनिकास्ट करून द्यायची सोय असते पण ते वेगळं काम आहे. वायफायच्या व्हीलॅनवर पिम लावलेलंच नाही, तसंच राहू दे.

१४ मार्च, शुक्रवार

रात्री कोअर पाडून बघायची टेस्ट. कोअर-१ ची पॉवर काढली. पहिल्या इमारतीत कोणाला काही कळलंसुद्धा नाही. दुसऱ्या इमारतीत चालू असलेले चॅनल चालू राहिले, पण तिथे कोणीच बघत नव्हतं असा चॅनल लावला की काळा. बरोबरच आहे, चालू चॅनलसाठी डिस्ट्री थेट एन्कोडरच्या दिशेने जोडलेला असतो, नवीन चॅनलसाठी मात्र आधी आरपीकडे जावं लागतं आणि आरपी कोअर-१ वर, म्हणजे माझ्या हातातल्या पॉवर केबलच्या टोकाला.

२३२ चा पट्टा घेऊन एसएसएम (घेणारा थेट एन्कोडरचा पत्ता सांगून मागतो) केलं असतं तर आरपीची कटकटच नव्हती, पण त्याला आयजीएमपी ३ लागतं आणि आमचे निम्मे बॉक्स फक्त २ बोलतात. म्हणून एनीकास्ट आरपी: तोच १०.२५५.२५५.१ कोअर-२ च्या लूपबॅकवर पण, आणि दोघांमध्ये एमएसडीपी, म्हणजे एकाला कळलेला एन्कोडर दुसऱ्यालाही कळतो. एमएसडीपीसाठी दोघांना वेगळे लूपबॅक दिले, १०.२५५.०.११ आणि १०.२५५.०.१२. मध्ये एसीएल असेल तर टीसीपी ६३९ उघडा ठेवा. सगळं चढलं, कोअर-१ पाडला, नवीन चॅनल लागतायत. मस्त.

मग उलटी टेस्ट, कोअर-२ रीलोड. तो वर आला आणि ओएसपीएफचा शेजार जमेचना, लॉगमध्ये डुप्लिकेट राऊटर आयडी (ओएसपीएफमधली प्रत्येक राऊटरची ओळख, ती वेगळीच लागते). राऊटर आयडी हाताने दिला नसेल तर सगळ्यात मोठा लूपबॅक उचलला जातो, आणि सगळ्यात मोठा नेमका तो दोघांवर असलेला १०.२५५.२५५.१. संध्याकाळी लूपबॅक चढवला तेव्हा काहीच झालं नाही कारण चालू ओएसपीएफ आपला जुना आयडी धरून बसतो, रीलोडलाच नवीन उचलतो. ही टेस्ट केली नसती तर सहा महिन्यांनी कधीतरी पॉवर गेल्यावर हे फुटलं असतं आणि तेव्हा कोणाला एनीकास्ट आठवलं असतं! दोन्हीवर राऊटर आयडी हाताने लिहिला, ११ आणि १२ चे लूपबॅक. दीड वाजता घरी.

१७ मार्च, सोमवार

आठही चॅनल, चाळीसही बॉक्स. एन्कोडरच्या रॅकमधून निघतात पन्नासच्या आसपास एमबीपीएस आणि कितीही टीव्ही लावले तरी तेवढेच. मोडलेले तास मोजले तर ४७, त्यातले राऊटिंगच्या ओळी टाइप करायला फार तर दोन. सरांनी तास विचारले, मी सांगितले, ते काही बोलले नाहीत.

२० मार्च, गुरुवार

ही नोंद लिहायची नव्हती. दुसऱ्या इमारतीत एक नवीन ऍक्सेस स्विच लागला, मी नव्हतो, दुसऱ्याने लावला. दुपारी त्याचा फोन, "दादा, टीव्ही लागतो पण थोड्या वेळाने थिजतो, बॉक्स खराब आलाय बहुतेक, बदलून मागवू का?" म्हटलं बॉक्सला हात लावू नको, मोबाईलवर स्टॉपवॉच लाव आणि किती वेळाने थिजतो ते सांग. पाच मिनिटांनी परत फोन, चार मिनिटं वीस सेकंद.

क्वेरी त्या स्विचपर्यंत पोचत नव्हती. अपलिंकचा एमराऊटर पोर्ट (राऊटरच्या बाजूचा पोर्ट, रिपोर्ट तिकडे पाठवायचे) माझ्या टेम्प्लेटमध्ये स्टॅटिक लिहिलेला असल्यामुळे बॉक्सचा पहिला रिपोर्ट वर जात होता आणि चित्र येत होतं, पण त्याने अपलिंकवर एक जादाचा एसीएल लावलेला, २२४.०.०.० चा पूर्ण पट्टा बंद, "फालतू ट्रॅफिक कमी व्हावा म्हणून". क्वेरी येते २२४.०.०.१ वर. एसीएलची ती ओळ काढायला सांगितली, आणि स्टॉपवॉच बंद करू नको म्हटलं. अकरा मिनिटांवर तो म्हणाला, अजून चालू आहे, आता ठेवू का?